टोकियो ते लॉस एंजेलिस किती तास? विमानाचं अंतर आणि वेळ यांचा हिशेब

टोकियोहून लॉस एंजेलिसला विमानानं जायला साधारण पावणेदहा ते दहा तास लागतात. लॉस एंजेलिसहून टोकियोला परत यायला मात्र बारा तासांच्या आसपास. अंतर तेच, विमानही बहुतेक वेळा त्याच प्रकारचं. मग हे दोन तास जातात कुठे?

एका वाक्यात सांगायचं तर, अंतर जमिनीवर मोजलं जातं, पण विमान जमिनीवरून जात नाही, हवेतून जातं, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. हे डोक्यात पक्कं बसलं की विमानप्रवासाच्या वेळेचे निम्मे घोळ सुटतात. उरलेले निम्मे घड्याळाचे असतात.

आधी अंतर

दोन शहरांमधलं ‘विमानाचं अंतर’ म्हणून जो आकडा दिसतो, तो पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेला सर्वांत जवळचा रस्ता असतो. भूगोलाच्या पुस्तकात आपण याला बृहद्वृत्त म्हणून वाचलेलं असतं: पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणारं वर्तुळ. कुठल्याही दोन ठिकाणांमधून असं एक वर्तुळ काढता येतं आणि त्या वर्तुळाचा छोटा तुकडा म्हणजे सर्वांत कमी अंतर.

सपाट नकाशावर हा रस्ता वाकडा दिसतो आणि पट्टीनं काढलेली सरळ रेघ लांबची निघते. पृथ्वीगोल हाताशी असेल तर दोरा घ्या, एक टोक टोकियोवर आणि दुसरं लॉस एंजेलिसवर धरून ताणा. दोन्ही शहरं ३५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत, त्यामुळे दोरा सरळ पूर्वेकडे जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात तो उत्तरेकडे सरकतो, पॅसिफिकच्या मध्यावर ४७-४८ अंशांपर्यंत, म्हणजे अल्युशियन बेटांच्या दक्षिणेला काही शे किलोमीटरवर पोहोचतो आणि मग खाली उतरतो. ३५ अंशांच्या अक्षवृत्तालगत सरळ पूर्वेला गेलं असतं, तर अंतर सुमारे ९,३०० किलोमीटर झालं असतं. दोऱ्याच्या वाटेनं ते सुमारे ८,८०० होतं. पाचशे किलोमीटर म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त उड्डाण वाचलं.

हा आकडा स्वतः काढायला साधं सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश हवेत. टोकियोचा हानेदा विमानतळ: ३५.५५ उत्तर, १३९.७८ पूर्व. लॉस एंजेलिस: ३३.९४ उत्तर, ११८.४१ पश्चिम. उत्तर आणि पूर्व अधिक चिन्हानं घ्यायचे, दक्षिण आणि पश्चिम उणे चिन्हानं. आता दोन गुणाकार करायचे. पहिला, दोन्ही अक्षांशांच्या साइनचा: ०.५८१४ गुणिले ०.५५८३, म्हणजे ०.३२४६. दुसरा, दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांमधल्या फरकाचा कोसाइन, अशा तिघांचा. रेखांशांतला फरक १३९.७८ वजा उणे ११८.४१, म्हणजे २५८.१९ अंश. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूनं मोजला तर १०१.८१. कोसाइन दोन्हींचा सारखाच येतो, उणे ०.२०४७. तिघांचा गुणाकार उणे ०.१३८१. दोन्ही गुणाकारांची बेरीज ०.१८६५. याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) ७९.२५ अंश. एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर ८,८१३ किलोमीटर.

चूक कुठे होते? जवळजवळ नेहमी चिन्हात. पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह विसरलं तर फरक २१.३७ अंश येतो आणि टोकियो-लॉस एंजेलिस अंतर दोन हजार किलोमीटरच्याही आत निघतं. इतकं चुकीचं उत्तर लगेच डोळ्यांत भरतं. पण दोन्ही शहरं ग्रीनिचच्या जवळ, एक थोडं पूर्वेला आणि एक थोडं पश्चिमेला असेल, तर चुकलेला आकडाही पटण्यासारखा दिसतो आणि तसाच पुढे जातो. दुसरी चूक म्हणजे कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर राहणं. साइन ३० काढून बघा. उत्तर ०.५ आलं तर कॅल्क्युलेटर ठीक आहे.

या पद्धतीत पृथ्वी अगदी गोल धरली आहे, त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. खरी पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे: विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर, ध्रुवांवरून जाणारा ४०,००८. त्यामुळे आपलं उत्तर अर्ध्या टक्क्यापर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं. प्रवाशाला त्यानं काही फरक पडत नाही. दोन संकेतस्थळांवर एकाच मार्गाचे आकडे पंधरा-वीस किलोमीटरनं वेगळे दिसले, तर कारण बहुधा हेच, किंवा एकानं शहराचा मध्य धरला आणि दुसऱ्यानं विमानतळ.

मैल बघितले की मात्र सावध व्हा. विमानोड्डाणात नॉटिकल मैल चालतो, तो १.८५२ किलोमीटरचा. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. दोहोंत पंधरा टक्क्यांचा फरक आहे. लांबच्या मार्गावर एकाच्या जागी दुसरा धरला, तर हजार-दीड हजार किलोमीटर सहज हरवतात. नॉटिकल मैल विचित्र वाटतो, पण त्याचा उगम फार सुंदर आहे: अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग साधारण एक नॉटिकल मैल.

या सगळ्याला एक वरची मर्यादाही आहे. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा दूर असू शकत नाहीत, कारण त्यापुढे गेलात की दुसऱ्या बाजूनं जवळ येऊ लागता. माद्रिद आणि वेलिंग्टन जवळपास या मर्यादेवर आहेत. अशा जोडीला कुठल्याही दिशेनं निघालं तरी अंतर जवळजवळ सारखंच.

विमान नेमकं त्या रेषेवरून का जात नाही

कारण आकाश मोकळं नसतं. उड्डाणानंतर आणि उतरण्याआधी ठरलेल्या वाटांवरून वळसे घ्यावे लागतात, लष्करी सरावक्षेत्रं टाळावी लागतात, वादळी ढग चुकवावे लागतात. उत्तर अटलांटिकवर रोज दोनदा, त्या दिवशीचा वारा बघून समांतर मार्गांचा संच आखला जातो. कॅनडाच्या बाजूनं गँडर आणि युरोपच्या बाजूनं शॅनविक ही नियंत्रण केंद्रं ते ठरवतात. म्हणजे काल गेलेल्या वाटेनंच विमान आज जाईल असं नाही. सर्वसाधारण दिवशी हा वाढावा बृहद्वृत्ताच्या दोन ते पाच टक्के धरावा.

काही वळसे मात्र मोठे असतात. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळात उतरता येईल असा विमानतळ वाटेत लागतो. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती. १९८५ मध्ये १२० मिनिटांची परवानगी मिळाली आणि दोन इंजिनांची विमानं अटलांटिक सर्रास ओलांडू लागली. एअरबस ए-३५० ला २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळाली. त्यामुळे आज हा नियम उत्तर गोलार्धात फारसा आडवा येत नाही, पण सिडनी-सँटियागोसारख्या अंटार्क्टिकाकडे झुकणाऱ्या मार्गांवर अजूनही विचारात घ्यावा लागतो. तिबेटच्या पठारावरून विमानं शक्यतो जात नाहीत, त्यामागचं कारण वेगळं आहे: केबिनमधला हवेचा दाब गेला तर तातडीनं दहा हजार फुटांवर उतरावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे.

सगळ्यांत मोठे वळसे राजकारणाचे. हेलसिंकी ते टोकियो हे बृहद्वृत्तानं ७,८०० किलोमीटरच्या आसपासचं अंतर, आणि ती वाट जवळपास सगळी रशियावरून जाते. २०२२ मध्ये युरोपीय विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. काही उड्डाणं चक्क उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. शहरं तिथेच आहेत, संकेतस्थळावरचा अंतराचा आकडाही तोच आहे. बदलला तो फक्त रस्ता.

आता वेळ

मोठं जेट विमान वर पोहोचल्यावर ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगानं जातं. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असतं आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६५ किलोमीटर. म्हणजे विमानाचा वेग साधारण ताशी ९०५. लहान, आसनांच्या मधून चालायला एकच वाट असलेलं विमान ०.७८ पट वेगानं जातं, ताशी सुमारे ८३०.

हा वेग हवेच्या संदर्भात असतो. जमिनीच्या संदर्भातला वेग काढायचा तर वारा मागून असेल तेव्हा मिळवायचा, समोरून असेल तेव्हा वजा करायचा. मध्य अक्षांशांवर, विमानं उडतात नेमक्या त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा असतो. त्यालाच जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्याच्या गाभ्यात ताशी २००-३०० किलोमीटरचा वारा सापडणं नवल नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही त्यानं ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगानं जात होतं.

टोकियो-लॉस एंजेलिसचा हिशेब आता पुरा करू. ८,८१३ मध्ये वळशांचे जरा धरून ९,०५० किलोमीटर. वारा नसता तर ताशी ९०५ नं बरोबर १० तास. जाताना सरासरी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी मिळाला तर वेग १,००५ आणि वेळ ९ तास. येताना तोच वारा समोरून, वेग ८०५ आणि वेळ सव्वाअकरा तास. जाऊन-येऊन सव्वावीस तास झाले, वाऱ्याशिवाय वीसच झाले असते. जाताना मिळालेला फायदा येताना पुरता फिटत नाही, उलट थोडं जास्तच जातं, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं आणि पाठीशी असलेल्या वाऱ्यात कमी.

म्हणूनच दोन दिशांचे मार्ग वेगळे आखतात. पूर्वेकडे जाताना जेट स्ट्रीम गाठायची, पश्चिमेकडे येताना ती टाळून उत्तरेला सरकायचं. किलोमीटर वाढले तरी चालतील, मिनिटं कमी झाली पाहिजेत. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे सिंगापूर-न्यूयॉर्क. सरळ अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर आणि ती रेषा उत्तर ध्रुवाजवळून जाते. पण सिंगापूरहून निघालेलं विमान अनेकदा पॅसिफिकवरून, वारा पाठीशी घेऊन, साडेसोळा हजारांच्या आसपास किलोमीटर कापतं, कारण ते स्वस्त आणि लवकर पडतं. वेळापत्रकात याला साडेअठरा तासांच्या वर धरतात.

वरच्या ९ आणि सव्वाअकरा तासांत अजून दोन गोष्टी मिळवायच्या राहिल्या. पहिली, चढण आणि उतरण. जड विमानाला वर जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि खाली यायलाही तितकीच. या काळात वेग कमी असतो, शिवाय दहा हजार फुटांखाली बऱ्याच देशांत २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. दोन्ही मिळून साधारण पंधरा मिनिटं जादा. दुसरी, जमिनीवरचं फिरणं: फलाटापासून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यावर परत. मोठ्या विमानतळांवर दोन्हींचे मिळून अर्धा तास धरावा. तेव्हा जाताना पावणेदहा तास, येताना बारा. वेळापत्रकात हाच आकडा छापतात. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात: चाकांचे ब्रेक सोडून विमान फलाटावरून हललं तिथपासून ते दुसऱ्या फलाटावर थांबलं तिथपर्यंत. वैमानिक उड्डाणानंतर ‘नऊ तास दहा मिनिटं’ सांगतो तेव्हा तो फक्त हवेतला वेळ सांगत असतो. दोन्ही आकडे खरेच असतात.

वेळापत्रकात थोडी सैल जागाही ठेवलेली असते. गर्दीच्या विमानतळावर उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात आणि एका फेरीला साधारण चार मिनिटं जातात. अशा चार फेऱ्या झाल्या की पाव तास गेला. म्हणून उशिरा निघालेलं विमान वेळेवर पोहोचलं, तर वैमानिकानं फार वेग वाढवला असं समजू नये. वेग वाढवायला फारसा वाव नसतो. दोन-तीन टक्क्यांनी वेग वाढवला तर लांबच्या प्रवासात पंधरा-वीस मिनिटं वाचतात आणि इंधन मात्र त्याहून जास्त प्रमाणात जळतं.

इंधनाचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. लांबच्या उड्डाणाच्या सुरुवातीला विमानाच्या वजनाचा फार मोठा हिस्सा इंधनाचाच असतो. त्या वजनामुळे ते लगेच सर्वांत किफायतशीर उंचीवर जाऊ शकत नाही. आधी ३१,००० फुटांच्या आसपास राहतं, इंधन जळून हलकं झालं की ३५,००० वर, आणि शेवटी ३९,००० च्या आसपास. समोरच्या पडद्यावर उंचीचा आकडा अधूनमधून वाढतो तो यामुळे. प्रवासापुरत्या इंधनाखेरीज अनपेक्षित गोष्टींसाठी जादा इंधन, पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं राखीव, एवढं न्यावंच लागतं. समोरचा वारा अंदाजापेक्षा फारच जोराचा निघाला तर कधी कधी वाटेत इंधन भरायला उतरावं लागतं, आणि मग बारा तासांचे चौदा होतात.

घाईत अंदाज काढायचा असेल तर एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: किलोमीटरला ८५० नं भागा आणि अर्धा तास मिळवा. ८,८१३ किलोमीटरला १० तास ५० मिनिटं येतात, म्हणजे जाण्या-येण्याच्या बरोबर मधला आकडा. सिंगापूर-न्यूयॉर्कला साडेअठरा तास येतात. ५०० किलोमीटरला एक तास पाच मिनिटं, तेही योग्यच. लहान विमान असेल तर ८५० च्या जागी ७८०. मध्य अक्षांशांवर पूर्वेकडे जात असाल तर उत्तरातून आठ-दहा टक्के कमी करा, पश्चिमेकडे जात असाल तर तितके वाढवा. उत्तर-दक्षिण प्रवासात हा फरक फारसा पडत नाही. संकेतस्थळांवरचे बरेच कॅल्क्युलेटर अंतराला नुसतं ८०० किंवा ९०० नं भागतात आणि वाऱ्याचा विचारच करत नाहीत.

घड्याळाचा घोळ

तिकिटावर निघायची वेळ निघायच्या शहराची असते आणि पोहोचायची वेळ पोहोचायच्या शहराची. या दोन वेळा एकमेकींतून वजा करून प्रवासाचे तास काढणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. आधी दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या वेळेत न्या, मग वजाबाकी करा.

हिवाळ्यात टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालात. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणजे यूटीसीत सकाळचे ८. पावणेदहा तास मिळवले की १७:४५. लॉस एंजेलिस हिवाळ्यात यूटीसीच्या ८ तास मागे, म्हणून तिथे सकाळचे ९:४५, आणि तारीख तीच. निघण्याच्या सात तास आधी पोहोचलात असं तिकीट दिसतं. ती छपाईची चूक नाही, वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली आहे. परतीला सकाळी ११ ला निघून बारा तासांनी पोहोचलात की टोकियोत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे ४ वाजलेले असतात. तिकिटावर वेळेशेजारी ‘+१’ छापलेलं असतं. हॉटेलचं बुकिंग करताना ते बघायचं राहून गेलं की एका रात्रीचे पैसे फुकट जातात किंवा एक रात्र खोलीच नसते.

उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणारे देश आणखी एक गाठ घालतात. टोकियोचं घड्याळ बदलत नाही, लॉस एंजेलिसचं बदलतं, म्हणून १७ तासांचा फरक उन्हाळ्यात १६ होतो. न्यूयॉर्क आणि लंडन दोघंही घड्याळ बदलतात, पण एका दिवशी नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत त्यांच्यातला नेहमीचा ५ तासांचा फरक ४ वर येतो. शरद ऋतूत युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या, तेव्हाही एक आठवडा तसंच. या दिवसांत पुढचं विमान पकडायचं असेल तर फरक पाठ आहे म्हणून गृहीत धरू नका. आणि प्रत्येक फरक पूर्ण तासांचा असतो असंही नाही: काठमांडू यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे, ॲडलेड (तिथला उन्हाळा सोडून) साडेनऊ तास.

मध्ये थांबा असेल तर

थांबा कुठे आहे यावर सगळं ठरतं. लंडन ते सिडनी सरळ अंतर सुमारे १७,००० किलोमीटर. सिंगापूरमार्गे १०,८८५ आणि ६,३०० मिळून १७,२०० च्या आत, म्हणजे सिंगापूर जवळजवळ वाटेवरच आहे. लॉस एंजेलिसमार्गे ८,७८० आणि १२,०५० मिळून २०,८३०. हे बावीस टक्के जास्त झालं, हवेतले साडेचार तास वाढले. तिकीट स्वस्त दिसलं तर आधी दोन टप्प्यांची बेरीज सरळ अंतराशी ताडून बघा. दहा टक्क्यांपर्यंत वाढ असेल तर मार्ग चांगला, वीसच्या पुढे गेली तर स्वस्ताई कुठून आली ते कळलं.

प्रत्येक थांब्याला चढण, उतरण आणि जमिनीवरचं फिरणं मिळून पाऊण तास नव्यानं मोजावा लागतो, आणि विमान बदलण्याचा वेळ वेगळाच. प्रत्येक विमानतळाची बदलण्यासाठीची किमान वेळ ठरलेली असते, पण ती सगळं सुरळीत चाललं तर पुरणारी वेळ आहे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील आणि पहिलं विमान उशिरा पोहोचून दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर नुकसान सगळं तुमचं. अशा वेळी मध्ये किमान चार तास ठेवावेत. अमेरिकेतून नुसतं पुढे जायचं असलं तरी बहुतेक वेळा पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन पार करावं लागतं आणि सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं, म्हणून तिथला दीड तासाचा थांबा कागदावर चालतो, रांगेत चालत नाही. त्यासाठी व्हिसा किंवा प्रवासाची आगाऊ परवानगीही लागते, आणि ती आहे की नाही हे पहिल्या विमानात बसण्याआधीच तपासतात.